जीजीटी, सीडीटी, अल्ब्युमिन: रक्तातल्या प्रथिनांवरून दारूचा अंदाज कितपत लागतो?

चिंचपाणी

रिपोर्ट पुरुषाचा आहे, वय ४४, बीएमआय २९. मधुमेह नाही. हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह. सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर. आकडे असे:

जीजीटी ११८, एसजीओटी ७१, एसजीपीटी ४४, अल्कलाइन फॉस्फटेज ९२, बिलिरुबिन ०.९
एकूण प्रोटीन ७.६, अल्ब्युमिन ३.९, ग्लोब्युलिन ३.७
एमसीव्ही ९९, फेरिटिन ५१०
एचडीएल ७२, ट्रायग्लिसराइड २१०

पिणं आठवड्यातून ४ दिवस, दर वेळी व्हिस्कीची एक क्वार्टर. उरलेले ३ दिवस काही नाही. कुठलंही औषध चालू नाही.

डॉक्टरांनी सांगितलंय की ६ आठवडे पूर्ण बंद ठेवा आणि मग पुन्हा तपासा. पेशंटचं म्हणणं असं की हे सगळं फॅटी लिव्हरचं आहे, रोज पीत नाही म्हणजे दारूचा प्रश्नच नाही, आणि एचडीएल तर बघा किती छान आहे.

विचारायचं ते एवढंच: यातला कुठला आकडा दारूकडे बोट दाखवतो आणि कुठला चरबीकडे? सीडीटी नावाची टेस्ट आहे असं वाचलं, ती करून सोक्षमोक्ष लागतो का? आणि ६ आठवडेच का, २ का नाही?

नळी_नंबर_सात

आधी ग्रॅम काढा, मग रिपोर्टकडे या. 'आठवड्यातून ४ दिवस' ऐकायला कमी वाटतं म्हणून हे पहिलं.

सूत्र सोपं आहे: मिली × टक्केवारी × ०.७८९. आपल्याकडची व्हिस्की, रम आणि बाटलीबंद काजू फेणी बहुतेक ४२.८ टक्क्यांची असते. म्हणजे ३० मिलीचा पेग १० ग्रॅम, क्वार्टर (१८० मिली) जवळपास ६१ ग्रॅम. ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर ४१ ग्रॅम, आणि तीच ५ टक्क्यांची असेल तर साधारण २६. तेव्हा ४ क्वार्टर म्हणजे आठवड्याला २४३ ग्रॅम, दिवसाची सरासरी ३५. लिव्हरला हे भरपूर झालं. घरी ओतलेला पेग ३० मिलीचा क्वचितच असतो, हेही धरून चला.

आता एकेक आकडा.

जीजीटी ११८. हे एन्झाइम पेशीच्या पडद्यावर बसलेलं असतं, लिव्हरमध्ये विशेषतः पित्ताच्या बारीक वाहिन्यांच्या कडेला. दारूने त्याचं उत्पादनही वाढतं आणि ते पडद्यावरून सुटून रक्तातही येतं. पण जीजीटी वाढवणारी दारू एकटी नव्हे. लठ्ठपणा, मधुमेह, फॅटी लिव्हर, पित्तमार्गात अडथळा यांनी ती वाढते, तशीच फेनिटोइन, फिनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन, टीबीचं रिफॅम्पिसिन या औषधांनीही. तुमच्याकडे औषधं नाहीत आणि अल्कलाइन फॉस्फटेज नॉर्मल आहे, म्हणजे पित्ताचा अडथळा मागे पडला. उरले दोघे, दारू आणि चरबी. नुसत्या जीजीटीवरून त्यांच्यात निवड होत नाही. उलटही लक्षात ठेवा: भरपूर पिणाऱ्या कितीतरी लोकांची, खासकरून तिशीच्या आतल्यांची, जीजीटी अगदी नॉर्मल येते.

एसजीओटी ७१, एसजीपीटी ४४. ही लिव्हरच्या पेशींतली दोन एन्झाइमं, काही रिपोर्टांत एएसटी आणि एएलटी लिहितात. इथे माहिती जास्त आहे. एसजीओटी भागिले एसजीपीटी, गुणोत्तर १.६. निव्वळ चरबीच्या लिव्हरमध्ये, फायब्रोसिस (लिव्हरमध्ये व्रणासारखे धागे तयार होणं) पुढे गेलेलं नसेल तर, एसजीपीटी वर आणि एसजीओटी खाली असं चित्र असतं. पिणाऱ्यांत ते उलटं होतं आणि त्याची कारणं दोन. दारू मायटोकाँड्रियाला इजा करते आणि एसजीओटीचा मोठा साठा तिथेच असतो. दुसरं म्हणजे दोन्ही एन्झाइमांना ब६ जीवनसत्त्व लागतं, पिणाऱ्यांत ते कमी पडतं, आणि त्याची झळ एसजीपीटीला जास्त बसते. गुणोत्तर २ च्या वर गेलं की दारूचा संशय बळावतो. मात्र अल्कोहोलिक हिपॅटायटिसमध्येसुद्धा एसजीओटी सहसा ३०० च्या आतच राहते. ६००-८०० दिसली तर दुसरं कारण शोधायचं: विषाणू, औषध, पॅरासिटामॉलचा जादा डोस.

एसजीओटी स्नायूंत आणि तांबड्या पेशींतही असते. रक्त घेण्याच्या आदल्या ४-५ दिवसांत जिममध्ये जोर काढला असेल तर ती वाढते. शंका असेल तर त्याच नमुन्यात सीपीके (स्नायूंचं एन्झाइम) करून घ्या. नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या असतील, म्हणजे सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी) गुलाबी-लालसर असेल, तरीही ती खोटी वाढते. रिपोर्टखाली 'हिमोलाइज्ड' असा शेरा असेल तर त्या आकड्यावर चर्चाच करू नका, रक्त पुन्हा द्या.

एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार, ९९, काठावर आहे. शाकाहारी माणसात ब१२ तपासल्याशिवाय त्याचं खापर दारूवर फोडू नये. उलट लोह कमी असेल किंवा थॅलसेमिया मायनर असेल तर पिणाऱ्याचा एमसीव्हीसुद्धा ८५ दिसतो आणि सगळे निर्धास्त होतात.

एचडीएल ७२, आणि सोबत ट्रायग्लिसराइड २१०. मला या रिपोर्टात सगळ्यात बोलकी जोडी हीच वाटते. बीएमआय २९, फॅटी लिव्हर, ट्रायग्लिसराइड २१० अशा माणसाचं एचडीएल साधारण ३५-४० असायला हवं. दोन्ही एकदम वर असतील तर मधे दारू असण्याची शक्यता खूप. दारूने एचडीएलचं मुख्य प्रथिन, अपोलायपोप्रोटीन ए-१, वाढतं. रोज ३० ग्रॅम दारूमागे एचडीएल सुमारे ४ मिलिग्रॅमने वर जातं असं प्रयोगांचं एकत्रित गणित आहे, त्याहून जास्त पिणाऱ्यात त्याहून जास्त. हे हृदयाचं संरक्षण समजू नये. एचडीएल औषधाने वाढवून हार्ट अटॅक कमी होतात का, हे मोठ्या चाचण्यांत बघून झालंय. टॉर्सेट्रापिब नावाच्या औषधाने एचडीएल खूप वाढलं, पण मृत्यूही वाढले, आणि २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली.

थेम्सकाठ

सीडीटीबद्दल मी लिहितो. इंग्लंडमधल्या लॅबमध्ये ही रोजची तपासणी आहे, कारण दारू पिऊन गाडी चालवल्याच्या गंभीर प्रकरणांत लायसन्स परत देण्याआधी इथलं डीव्हीएलए, म्हणजे लायसन्स देणारं सरकारी खातं, सीडीटी मागतं.

सीडीटी म्हणजे साखर कमी असलेलं ट्रान्सफेरिन. ट्रान्सफेरिन हे रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन, लिव्हरमध्ये बनतं. त्याच्यावर दोन ठिकाणी साखरेच्या फांद्या लावलेल्या असतात. प्रत्येक फांदीला सहसा दोन टोकं आणि प्रत्येक टोकाला एक सायलिक आम्ल. म्हणून नेहमीचा रेणू चार सायलिक आम्लांचा, टेट्रासायलो. एकूण ट्रान्सफेरिनपैकी सुमारे ८० टक्के हाच असतो. काही आठवडे भरपूर दारू चालू राहिली की लिव्हरच्या पेशीतलं फांद्या जोडण्याचं काम बिघडतं आणि अख्खी फांदीच गळते. एक गळली की उरतो डायसायलो, दोन्ही गळल्या की असायलो. टोकाचं एकेक सायलिक आम्ल सुटत नाही, पूर्ण फांदी जाते. म्हणून दारूमुळे ४ चे २ आणि २ चे ० होतात, ट्रायसायलो त्यामुळे वाढत नाही. रिपोर्टात ट्रायसायलो वाढलेलं असेल तर दारूपेक्षा आनुवंशिक प्रकार किंवा लिव्हरचा आजार शोधावा.

मोजतात टक्क्यांत: एकूण ट्रान्सफेरिनपैकी डायसायलो किती. एचपीएलसीच्या (घटक वेगळे करून आलेख काढणाऱ्या) प्रमाणित पद्धतीत नॉर्मलची वरची हद्द १.७ टक्के. अँटिबॉडीवर चालणाऱ्या पद्धतीत ती वेगळी, २.५ च्या आसपास. त्यामुळे एका लॅबचा २.१ दुसऱ्या लॅबच्या १.७ शी ताडून बघण्यात अर्थ नाही. पद्धत कुठली ते रिपोर्टवर लिहिलेलं असतं, नसेल तर विचारा.

कुठे फसतं:

नमुना सीरमचाच हवा, लाल किंवा पिवळ्या टोपीच्या नळीतला. जांभळ्या टोपीच्या नळीत ईडीटीए असतं, ते लोह पकडून ठेवतं. आणि या तपासणीत पहिल्याच पायरीला ट्रान्सफेरिन लोहाने पूर्ण भरून घ्यावं लागतं, नाहीतर एकाच रेणूची वेगवेगळी शिखरं दिसायला लागतात.

ट्रान्सफेरिनचे आनुवंशिक प्रकार असतात. बहुतेकांत सी असतो, काहींत बी किंवा डी. त्यांची शिखरं आलेखात सरकलेली असतात, आणि अँटिबॉडीच्या पद्धतीत आलेखच नसतो, त्यामुळे हा घोळ कळत नाही. सिरॉसिसमध्ये डाय आणि ट्रायची शिखरं मधली दरी न सोडता एकमेकांत मिसळतात. अशा वेळी मशीन आकडा छापतं, पण तो धरायचा नसतो. गरोदरपणातही डायसायलो वाढतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: फॅटी लिव्हर किंवा लठ्ठपणाने सीडीटी वाढत नाही, वजन जास्त असेल तर किंचित कमीच येते. तेव्हा ती वाढलेली आली तर चरबीवर ढकलता येणार नाही. मात्र ती वाढायला दिवसाला ५०-६० ग्रॅम किंवा जास्त, तेही सलग दोनेक आठवडे लागतात. तुमच्या पेशंटची सरासरी ३५, आणि मधे ३ कोरडे दिवस. त्यामुळे १.४ आली तरी मला नवल वाटणार नाही. तो १.४ घेऊन 'बघा, दारू नाहीच' असं म्हणता येणार नाही. सीडीटी नॉर्मल आल्याने सतत भरपूर पिणं फार तर संभवत नाही असं ठरतं, सांगितलेल्या क्वार्टर खोट्या ठरत नाहीत.

चिंचपाणी

दोघांचेही आभार. पिणं गेल्या रविवारपासून बंद आहे, म्हणजे ६ दिवस झाले. आता सीडीटी केली तर काही कळेल? आणि घरी आयुर्वेदिक आसव चालू आहे, दिवसातून दोनदा २० मिली, त्यात दारू असते म्हणे. शिवाय अल्ब्युमिन ३.९ आहे म्हणून कुणीतरी प्रोटीन पावडर सुचवलीय.

थेम्सकाठ

वाढलेली असेल तर ६ दिवसांत पूर्ण उतरणार नाही. वाढलेला भाग निम्मा व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, पण तो शून्याकडे न जाता त्या माणसाच्या स्वतःच्या मूळ पातळीपर्यंत उतरतो. समजा मूळ पातळी १.२ आणि मोजलेला आकडा ४.२. जादा भाग ३.०. दोन आठवड्यांनी २.७, चार आठवड्यांनी १.९५, सहा आठवड्यांनी १.६ च्या जवळ. सहा आठवडे का, हे इथेच दिसतं: चौथ्या आठवड्यात प्रामाणिकपणे बंद केलेला माणूसही हद्दीच्या वर असू शकतो. जीजीटीचंही तसंच, निम्मी व्हायला दोन ते तीन आठवडे. एसजीओटीचं आयुष्य तासांत मोजायचं, अर्धायुष्य १७-१८ तास, म्हणून ती पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच खाली येते. एमसीव्हीला मात्र ३-४ महिने द्यावे लागतात, कारण तांबडी पेशी १२० दिवस जगते.

आसवात आपोआप तयार झालेली दारू ५ ते १२ टक्के असते. २० मिली दोनदा, १० टक्के धरली तर ३ ग्रॅम. तेवढ्याने सीडीटी किंवा जीजीटी हलत नाही. लघवीतली ईटीजी (शरीरात दारूपासून बनणारा पदार्थ शोधणारी) तपासणी मात्र एवढ्यानेही पॉझिटिव्ह येऊ शकते. पूर्ण बंद आहे हे कागदावर दाखवायचं असेल तर ते ६ आठवडे आसवसुद्धा बाजूला ठेवा.

कमी पिणाऱ्यांतही फरक दाखवणारी तपासणी हवी असेल तर ती पीईटीएच. हे प्रथिन नाही, तांबड्या पेशींच्या पडद्यात दारूपासूनच बनणारा स्निग्ध पदार्थ आहे. दारूशिवाय तो बनत नाही, म्हणून फॅटी लिव्हर, औषधं यांची लुडबूड नाही. मागचे दोन ते चार आठवडे दिसतात. २० नॅनोग्रॅमच्या खाली म्हणजे काही नाही किंवा अगदी थोडं, २०० च्या वर म्हणजे भरपूर. यासाठी उलट जांभळ्या टोपीची नळी, अख्खं रक्त. भारतात सगळ्या लॅब करत नाहीत, आधी फोन करून विचारा.

आजोळ_सावंतवाडी

अल्ब्युमिनचं मी सांगते, कारण प्रोटीन पावडरचा सल्ला फार सर्रास दिला जातो.

३.९ नॉर्मल आहे. तो वाढवायची काही गरज नाही. अल्ब्युमिन लिव्हर बनवतं, अर्धायुष्य सुमारे २० दिवस, आणि पिण्याचं प्रमाण ओळखायला ते निरुपयोगी आहे. ते घसरतं तेव्हा लिव्हर बरंच बिघडलेलं असतं, किंवा अंगात जंतुसंसर्ग-सूज असते, किंवा लघवीवाटे प्रथिन जात असतं. खरोखर लिव्हरमुळे कमी झालेलं अल्ब्युमिन डब्यातल्या पावडरीने वाढत नाही. कच्चा माल कमी पडलेला नसतो, कारखानाच मंदावलेला असतो.

तुमच्या रिपोर्टात ग्लोब्युलिन मात्र बघण्यासारखं आहे. ३.७ म्हणजे एजी (अल्ब्युमिन भागिले ग्लोब्युलिन) गुणोत्तर १.०५. फार बिघडलेलं नाही, पण नोंद घ्यावी. दारूने आतड्याचा पडदा झिरपायला लागतो, जिवाणूंचे तुकडे लिव्हरकडे जातात आणि आयजीए, अँटिबॉडीचा एक प्रकार, वाढतं. पुढच्या टप्प्यात प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (प्रथिनं पट्ट्यांत वेगळी करणारी तपासणी) केलं तर बीटा आणि गॅमा या दोन पट्ट्यांमधली दरी भरून गेलेली दिसते, ती याच आयजीएमुळे. ते चित्र सिरॉसिसचं असतं.

एकूण प्रोटीन बघून समाधान मानू नका. अल्ब्युमिन २.९ आणि ग्लोब्युलिन ४.५, बेरीज ७.४, 'नॉर्मल'! असे रिपोर्ट पुष्कळ असतात. शिवाय बऱ्याच लॅबमध्ये वापरली जाणारी हिरव्या रंगद्रव्याची पद्धत, बीसीजी, कमी असलेलं अल्ब्युमिन थोडं वाढवून दाखवते, कारण ते द्रव्य ग्लोब्युलिनलाही चिकटतं. लिव्हर खरंच काम करतंय का हे बघायचं तर पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ) करा. त्यातल्या फॅक्टर ७ या गोठवणाऱ्या प्रथिनाचं अर्धायुष्य पाच-सहा तासांचं असल्यामुळे बिघाड तिथे लवकर दिसतो. व्हिटॅमिन के कमी असलं तरी आयएनआर वाढतो, तेवढं डॉक्टर ताडून बघतील.

फेरिटिन ५१० ने घाबरू नका, पण नुसतं सोडूही नका. दारू हेप्सिडिन (लोह शोषण्याला लगाम घालणारं लिव्हरचं हार्मोन) दाबते, मग आतडं जास्त लोह शोषतं. शिवाय लिव्हरच्या इजेनेही फेरिटिन सुटतं. सकाळी उपाशीपोटी आयर्न आणि टीआयबीसी (रक्ताची लोह धरण्याची क्षमता) करून ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन काढा. ४५ टक्क्यांच्या आत असेल तर ६ आठवड्यांनी फेरिटिन पुन्हा बघायचं, बहुधा उतरलेलं असेल. युरोपातला नेहमीचा हिमोक्रोमॅटोसिसचा (अंगात लोह साठण्याच्या आजाराचा) जनुकदोष आपल्याकडे दुर्मिळ आहे. तोवर लोहाच्या गोळ्या किंवा लोह असलेलं टॉनिक नको.

नळी_नंबर_सात

प्लेटलेट दिलेल्या नाहीत. त्या हव्यात, एफआयबी-४ (फायब्रोसिसचा अंदाज देणारा आकडा) काढायला: (वय × एसजीओटी) ÷ (प्लेटलेट × एसजीपीटीचं वर्गमूळ). तुमच्या आकड्यांवर ते ४७१ भागिले प्लेटलेट (हजारांत) येतं. प्लेटलेट २ लाख ५० हजार असतील तर १.९. १.३ च्या खाली असेल तर पुढचं फायब्रोसिस संभवत नाही, २.६७ च्या वर असेल तर फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी) लगेच. मधल्यांनीही तो करून घेतलेला बरा. पण पिणं चालू असताना एसजीओटी फुगलेली असते म्हणून हा आकडाही फुगतो. बंदीनंतरच्या रिपोर्टवर पुन्हा काढा.

दुसऱ्यांदा रक्त देताना: तीच लॅब, सकाळची वेळ, आदल्या आठवड्यात अंगमेहनतीचा नवा उद्योग नको, आणि दोन्ही वेळचं वजन लिहून ठेवा. कारण ६ आठवड्यांत ५ किलो घटले तर जीजीटी त्यानेही उतरते आणि श्रेय कुणाला द्यायचं ते कळत नाही. वजन तेवढंच राहून जीजीटी ११८ ची ५०-६० झाली, एसजीओटी एसजीपीटीच्या खाली गेली आणि एचडीएलही घसरलं, तर मोठा वाटा दारूचाच होता. सगळं उतरून जीजीटी ९० ला आणि एसजीपीटी ५०-६० ला अडकली तर चरबीचा वाटा खरा आहे. पस्तिशी-चाळिशीच्या पोट सुटलेल्या माणसांत बहुतेक वेळा दोन्ही थोडं थोडं निघतं, आणि दोन्ही एकमेकांना वाढवतात.

रात्रपाळी_वॉर्ड

धागा वाचून रिपोर्टसाठी एकदम बंद करणाऱ्या इतरांसाठी. या पेशंटला, मधे ३ दिवस आपोआप कोरडे जात असल्याने, त्रास होण्याची शक्यता कमी. पण जो रोज पितो, सकाळी उठल्यावर हात कापतात म्हणून घोट घेतो, किंवा ज्याला आधी बंद केल्यावर झटका आलाय किंवा भास झालेत, त्याने घरी एकदम बंद करू नये. शेवटच्या पेगनंतर ६ ते २४ तासांत थरथर, घाम, धडधड. झटके ६ ते ४८ तासांत. भ्रम, असंबद्ध बोलणं, ताप असलेलं डिलिरियम ट्रेमेन्स ४८ ते ७२ तासांच्या सुमारास, आणि त्यात माणूस दगावतो. दवाखान्यात बेंझोडायझेपिन गटाचं औषध देऊन ते हळूहळू उतरवतात आणि ब१, म्हणजे थायामिन, सुरुवातीलाच देतात. ग्लुकोजची सलाईन लावायची वेळ आली तर थायामिन त्याआधी किंवा सोबत द्यायचं, हे नातेवाइकांनीही विचारून घ्यावं. जेवणखाण सुटलेला माणूस असेल तर जास्तच.

आणि बंदीच्या काळात अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल घेतली तर दिवसाला २ ग्रॅमच्या आत, म्हणजे ५०० च्या ४ गोळ्या. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही तीच असते, ती यात मोजा.